डीसीला मत मिळावं म्हणून मंदिराने पत्रावर सही करावी का? कमिटीत दोन तट पडलेत

सोळाव्या_रस्त्यावरचा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी वॉशिंग्टन डीसीत राहतो, म्हणजे खुद्द डिस्ट्रिक्टमध्ये, उपनगरात नाही, गेली ११ वर्षं. २०२४ मध्ये सिटिझन झालो आणि त्याच साली पहिल्यांदा बॅलट पोस्टाने घरी आला, मोठ्या हौसेने उघडला, तर त्यात अध्यक्ष, कौन्सिल, 'डेलिगेट' नावाचं एक पद आणि चक्क सिनेटर पण. बायकोला म्हटलं बघ, डीसी राज्य नाही म्हणून काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, आपलं कुणी नाही असं लोक उगाच रडतात, आपल्याला सिनेटर आहे की. मग खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी हसत हसत सांगितलं की बाबा तो शॅडो सिनेटर, त्याला सिनेटमध्ये ना खुर्ची ना पगार ना मत, नुसता बाहेर उभा राहून आमचं ऐका म्हणणारा. डेलिगेटला हाउसमध्ये (संसदेचं दुसरं सभागृह) खुर्ची असते, कमिटीत मत असतं, पण सभागृहात बिलावर शेवटचं मतदान होतं तेव्हा त्यांनी नुसतं बघत बसायचं. गाडीच्या नंबरप्लेटवर जे लिहिलेलं असतं, की प्रतिनिधी नसताना कर घेणं थांबवा, ते मी इतकी वर्षं रोज वाचत होतो पण डोक्यात शिरलं त्या दिवशी.

आता मुद्दा. आमच्या गल्लीतल्या एका चर्चने इतर चर्च, दोन सिनेगॉग, एक मशीद असं सगळ्यांना घेऊन काँग्रेसला पत्र लिहायचं ठरवलंय की डीसीच्या नागरिकांना काँग्रेसमध्ये मताचा हक्क द्या. तिथल्या पास्टरबाईंनी मला विचारलं, तुमचं मंदिर येईल का? मंदिर आमचं मेरीलँडमध्ये, तीन चतुर्थांश लोक मेरीलँड-व्हर्जिनियाचे. कमिटीत विषय काढला आणि जे पेटलं म्हणता. खजिनदार काका म्हणाले टॅक्स एक्झम्प्ट स्टेटस जाईल, एक जण म्हणाला देवळात राजकारण आणू नका, एक ताई म्हणाल्या हा त्यांचा लढा आहे आपला नाही.

त्यातच मागच्या महिन्यात मी त्या चर्चवाल्यांबरोबर एका सिनेटरच्या ऑफिसात गेलो होतो (कुठला ते नको). रिसेप्शनवरचा पोरगा, असेल २२-२३ वर्षांचा, वही उघडून बसलेला, अगदी नम्र. पहिला प्रश्न, सर तुमचा झिप कोड? मी माझा डीसीचा, २००१०, सांगितला. त्याने पेन खाली ठेवलं. वाईट काही बोलला नाही, पाणी पण दिलं, पण लिहिलं मात्र काही नाही. माझ्या मागे ओहायोची एक म्हातारी बाई होती, त्याच चर्चच्या पंथातली, तिचा झिप कोड ऐकल्यावर पेन परत उचललं गेलं आणि ती बोलत होती तोवर पानभर लिहून झालं.

तर दोन प्रश्न. कायद्याने चालतं का? आणि चाललं तरी देवळाच्या सहीने काय फरक पडणार?

हिशेबाची_वही

पहिल्या प्रश्नाचं मी सांगते, नॉनप्रॉफिट संस्थांचंच काम करते रोज. (तुमची सीपीए नाही, त्यामुळे शेवटचं तुमच्या माणसाला विचारा.)

खजिनदार काका दोन गोष्टी एकत्र कालवतायत. १९५४ साली लिंडन जॉन्सन सिनेटर असताना जी दुरुस्ती घातली ती उमेदवारांबद्दल आहे. ५०१ सी ३ (म्हणजे करमाफी असलेल्या) संस्थेने अमक्याला मत द्या, तमक्याला पाडा असं म्हणायचं नाही. विषयावर मत मांडणं वेगळं. कायदा करा किंवा करू नका असं काँग्रेसला सांगणं म्हणजे लॉबिंग, आणि ते करायला परवानगी आहे, फक्त तो तुमच्या एकूण कामाचा मोठा भाग होता कामा नये. मोठा म्हणजे किती हे कायद्याने कुठेच धड सांगितलेलं नाही ही खरी डोकेदुखी. इतर संस्था ५०१ एच नावाचा पर्याय घेऊन खर्चाची ठराविक मर्यादा मागून घेऊ शकतात, पण धर्मस्थळांना तो पर्याय नाही, आणि आयआरएसच्या (इथलं कर खातं) भाषेत मंदिर, मशीद, सिनेगॉग सगळं 'चर्च'च.

पण एक पत्र आणि एक दुपार याने स्टेटस जात नाही हो. वर्षभरात तुमच्याकडे पूजा किती, बालविहार किती, प्रसादाचा खर्च किती, त्यापुढे हे काहीच नाही. सांभाळायचं ते एवढंच की निवडणुकीच्या तोंडावर कोण बाजूने कोण विरोधात अशी यादी देवळाच्या ईमेल लिस्टवर फिरवू नका, आणि कुणा उमेदवाराला त्या दिवशी स्टेजवर बसवू नका. आणि कमिटीच्या मिनिट्समध्ये ठराव नीट लिहा, काका खुश होतील.

फेअरफॅक्सवाला

मी विरोधात आहे आणि स्पष्टच लिहितो. डीसी राज्य नाही हे काही कुणाच्या नजरचुकीने राहिलेलं नाहीये. राज्यघटनेच्या पहिल्या कलमाच्या आठव्या भागात लिहिलंय की राजधानीच्या जागेवर काँग्रेसचा पूर्ण अधिकार राहील, कारण केंद्र सरकार कुठल्या एका राज्याच्या मेहेरबानीवर राहू नये. १७८३ मध्ये फिलाडेल्फियात पगार थकलेल्या सैनिकांनी काँग्रेसला घेरलं होतं आणि पेनसिल्व्हेनियाने मदतीला माणसं पाठवली नाहीत, ती आठवण ताजी होती.

मत हवंय ना, सोपा उपाय आहे, मेरीलँडमध्ये परत जा. आमचं अलेक्झांड्रिया पण डिस्ट्रिक्टमध्ये होतं, १८४६-४७ मध्ये व्हर्जिनियात परत आलं. उरलेला भाग मेरीलँडला जोडा, दोन सिनेटर फुकट मिळतील. पण हे कुणाला नको असतं, कारण खरी भूक दोन नव्या सिनेटर्सची आहे. डीसी दर वेळी ९० टक्क्यांच्या आसपास डेमोक्रॅट मत देते. त्याला 'श्रद्धेचा आवाज' असं गोंडस नाव देऊन देवळाला त्यात ओढू नका. उद्या दुसऱ्या बाजूचं पत्र आलं तर त्यावर पण सही करणार का?

चहाबाज

फेअरफॅक्स दादा, अलेक्झांड्रिया का परत गेलं ते पण लिहा की. तिथे गुलामांचा मोठा व्यापार चालायचा आणि डिस्ट्रिक्टमध्ये तो बंद होईल ही भीती पण त्यात होती. १८५० मध्ये झालाच बंद डीसीत. आणि मेरीलँडला विचारलंय का कुणी, घेता का म्हणून?

सिल्व्हरस्प्रिंगची_मावशी

मी १९७६ साली या भागात आले, तेव्हा तुमच्यातले निम्मे जन्माला पण आले नसतील. देवळात राजकारण नको म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगते, कारण डीसीच्या बाबतीत जे काही थोडंफार मिळालंय त्यातलं बरंचसं एका पाद्र्याने मिळवलंय.

वॉल्टर फाँट्रॉय. शॉ भागातल्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे वॉशिंग्टनमधले उजवे हात, १९६३ च्या नागरी हक्क मोर्चाची इथली व्यवस्था बघणाऱ्यांपैकी. १९७१ मध्ये डेलिगेट म्हणून निवडून गेले, १८७५ नंतर डीसीला मिळालेला पहिला डेलिगेट. बिनमताचा, आजच्यासारखाच. त्यावेळी डीसीला स्वतःचा निवडलेला मेयर पण नव्हता, सगळा कारभार काँग्रेसच्या कमिटीकडे, आणि हाउसच्या त्या कमिटीचा अध्यक्ष होता साउथ कॅरोलायनाचा जॉन मॅकमिलन, दोन दशकांहून जास्त काळ चिकटून बसलेला. शहर बहुसंख्य काळं, आणि हा माणूस होम रूलचं (शहराचा कारभार शहराने निवडलेल्या लोकांकडे देण्याचं) बिल कमिटीतून बाहेरच येऊ द्यायचा नाही. मेयर वॉल्टर वॉशिंग्टन (नेमलेले, काळे) यांनी बजेट पाठवलं तेव्हा याने उत्तरादाखल ट्रकभर कलिंगडं पाठवली अशी गोष्ट इथे सगळ्या जुन्या लोकांना माहीत आहे. कलिंगडाचा हा वर्णद्वेषी टोमणा ज्यांना कळत नाही त्यांनी इथल्या एखाद्या काळ्या मित्राला विचारा, पण जरा जपून विचारा.

आता मॅकमिलनला डीसीवाले पाडणार कसे? त्यांना तिथे मतच नाही. फाँट्रॉय काय करतात, १९७२ मध्ये डीसीतून बसेस भरून माणसं घेऊन साउथ कॅरोलायनाला जातात, त्याच्या मतदारसंघात, तिथल्या काळ्या मतदारांना सांगायला की हा तुमचा माणूस आमच्या शहराचं काय करतोय बघा. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर त्या लोकांच्या हातात नुकतं कुठे मत आलेलं. मॅकमिलन प्रायमरीत (पक्षाच्या आतल्या निवडणुकीत) पडला. कमिटीचं अध्यक्षपद डेट्रॉइटच्या चार्ल्स डिग्ज यांच्याकडे गेलं आणि १९७३ च्या डिसेंबरमध्ये होम रूल कायदा झाला. एका वर्षात!

पुढे १९७८ मध्ये डीसीला पूर्ण प्रतिनिधित्व देणारी घटनादुरुस्ती काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी पास केली, सिनेटमध्ये ६७ विरुद्ध ३२. तिच्या बाजूने कुणी मत दिलं असेल? स्ट्रॉम थर्मंड. १९५७ च्या नागरी हक्कांच्या बिलाविरुद्ध २४ तासांच्या वर उभं राहून भाषण ठोकणारा तोच. त्याला काही साक्षात्कार झाला नव्हता, साउथ कॅरोलायनात काळी मतं मोजण्याइतकी झाली होती एवढंच. (दुरुस्ती पुढे पडली. ३८ राज्यांची मंजुरी लागत होती, १९८५ पर्यंत १६ मिळाली.)

आता सोळाव्या रस्त्यावरच्या दादा, तुझा तो पेन खाली ठेवणारा पोरगा आठव. ज्याला मत नाही त्याच्याकडे फोन करायला सिनेटरही नाही, म्हणून त्याचं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या मतदाराने मांडावं लागतं. आणि शहराबाहेर, प्रत्येक राज्यात, ओळखीचे नसूनही ऐकून घेतील असे लोक कुणाकडे असतात? पंथाकडे. बॅप्टिस्टाचा बॅप्टिस्ट असतो साउथ कॅरोलायनात, मेथडिस्टाचा मेथडिस्ट ओहायोत. त्या म्हातारीचं पानभर का लिहून घेतलं ते कळलं का आता?

सोळाव्या_रस्त्यावरचा

मावशी, हे मला खरंच माहीत नव्हतं, फाँट्रॉय हे नाव पण पहिल्यांदा ऐकलं. वहीताई, तुमचं उत्तर काकांना फॉरवर्ड केलं, त्यांनी अंगठा पाठवलाय, पण तो 'वाचलं'वाला अंगठा आहे की 'पटलं'वाला ते सांगता येत नाही.

पण आपल्याकडे कुठे असं जाळं आहे? आपल्याकडे बिशप नाही, सिनॉड नाही, एका देवळाचं दुसऱ्या देवळाला माहीत नसतं. महाशिवरात्रीची तारीख पण दोन देवळांची जुळत नाही.

युटात_होतो

हसलो तारखेवर. धर्म आणि डीसीचं मत यांचा सगळ्यात विचित्र किस्सा मी सांगतो, कारण मी ९ वर्षं सॉल्ट लेक सिटीत काढली.

२००० च्या जनगणनेत युटाची हाउसची चौथी जागा ९०० पेक्षाही कमी माणसांनी हुकली आणि नॉर्थ कॅरोलायनाला गेली. का? तर मॉर्मन चर्चची तरुण पोरंपोरी धर्मप्रचाराला दीड-दोन वर्षं परदेशी जातात, त्या वेळी युटाची ११ हजारांच्या वर मुलं बाहेर होती, आणि जनगणनेत परदेशातले सैनिक धरले पण ही मुलं धरली नाहीत. युटा सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, पण हरलं. तिकडे ते प्रचंड चिडलेले होते, आमची माणसं देवाच्या कामाला गेली म्हणून आमचा आवाज कमी का.

आणि इथे व्हर्जिनियाच्या टॉम डेव्हिस नावाच्या रिपब्लिकनने (फेअरफॅक्सवाला, तुमच्याच भागाचा बरं का) गाठ मारली. डीसीला एक पूर्ण मत, युटाला एक जादा जागा, म्हणजे एक जागा जवळपास नक्की डेमोक्रॅट, एक जवळपास नक्की रिपब्लिकन. युटाचे ऑरिन हॅच सिनेटमध्ये त्याच्या बाजूने उभे राहिले, पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह आणि पक्के मॉर्मन. २००७ मध्ये हाउसने २४१ विरुद्ध १७७ ने पास केलं, सिनेटमध्ये ६० मतं लागत होती, ५७ पडली. ३ मतं! २००९ मध्ये सिनेटने पण ६१-३७ ने पास केलं, पण त्याला डीसीचे बंदुकीचे कायदे उडवणारी शेपटी जोडली, मग हाउसमध्ये ते अडकलं ते अडकलंच.

सांगायचं कारण हे की 'हे फक्त डेमोक्रॅट्सचं' असं तेव्हा तरी नव्हतं. ज्यांची माणसं मोजली गेली नाहीत त्यांना मोजलं न जाण्याचं दुःख कळलं, आणि थोडा स्वार्थही होता. स्वार्थाशिवाय इथे काही हलत नाही.

फेअरफॅक्सवाला

टॉम डेव्हिसला मी स्वतः मत दिलंय, त्यामुळे तो भाग मान्य. मावशींची गोष्टही जोरदार आहे.

तरी माझा मुद्दा उरतोच. हाउसमधलं एक मत आणि पूर्ण राज्य या दोन वेगळ्या मागण्या आहेत. २०२० आणि २०२१ मध्ये हाउसने जे पास केलं ते पूर्ण राज्याचं बिल होतं, २०२१ ला २१६-२०८, एकही रिपब्लिकन बाजूने नाही. त्यात तेविसाव्या दुरुस्तीचा (डिस्ट्रिक्टला अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देणारी) घोळ आहेच, व्हाइट हाउस आणि आसपासचा उरलेला छोटासा तुकडा डिस्ट्रिक्ट म्हणून ठेवायचा आणि त्याला अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजची ३ मतं तशीच राहणार, तिथे राहणारं कुटुंब एकच. म्हणजे ती दुरुस्ती रद्द करायला परत राज्यांच्या दारात. तुमच्या पत्रात नक्की काय मागितलंय ते आधी वाचा. मताच्या हक्काचं असेल तर मी एखाद वेळेस गप्प बसेन, पण राज्याचं असेल आणि देवळाचं नाव त्यावर आलं तर मी वर्गणीचा विचार करीन, आणि माझ्यासारखे अजून असतील.

सिल्व्हरस्प्रिंगची_मावशी

फेअरफॅक्स, धमकी जरा दमाने, तुझी वर्गणी किती ते आम्हाला माहीत नाही का. पण पत्र नीट वाचायचं हे बरोबर बोललास.

तरी एकदा डीसीवाल्याच्या जागी उभा राहून बघ. ६ लाख ८९ हजार माणसं होती २०२० च्या जनगणनेत, वायोमिंग आणि व्हर्माँट दोघांपेक्षा जास्त. त्यांच्या कौन्सिलने कायदा केला की तो आधी काँग्रेसपुढे ठेवायचा, कामकाजाचे ३० दिवस, फौजदारी असेल तर ६०. १९९८ पासून जवळजवळ दहा वर्षं एड्स रोखायला सुया बदलून देण्यावर शहराने स्वतःचा पैसा खर्च करायचीही बंदी होती, आणि शहरात एड्स थैमान घालत होता. कुठल्या डीसीकराने त्या बंदीला मत दिलं होतं? २०२५ च्या मार्चमध्ये काँग्रेसच्या खर्चाच्या बिलाने शहराच्या त्या वर्षाच्या बजेटवर १ अब्ज डॉलरहून जास्त कात्रीची वेळ आणली, ती पण त्यांच्याच कराच्या पैशावर. आणि टॅक्स? माणशी बघितला तर फेडरल टॅक्स कुठल्याही राज्यापेक्षा डीसीवाला जास्त भरतो. आपल्या दिल्लीला राजधानी असून लोकसभेचे ७ खासदार आहेत, तिथे कुणाला घटना आडवी आलेली दिसत नाही.

चहाबाज

डेलिगेटचा किस्सा राहिला. १९९३ मध्ये डेलिगेटना सभागृहाच्या एका टप्प्यात मत द्यायला दिलं, पण नियम असा की त्यांच्या मतांमुळे निकाल ठरला तर ताबडतोब त्यांना वगळून परत मतदान घ्यायचं. म्हणजे मत आहे, फक्त ते उपयोगी पडलं की रद्द. रिपब्लिकन आल्यावर १९९५ ला तेही काढून घेतलं. २००७ ला परत दिलं, २०११ ला परत काढलं.

युटात_होतो

हे तर लहान भावाला वायर न जोडलेला रिमोट देण्यासारखं झालं.

हिशेबाची_वही

सोळाव्या रस्त्यावरचे दादा, देवळांचं जाळं नाही म्हणालात त्यावर. सही करून मेरीलँडच्या सिनेटरांना पत्र पाठवून फार काही होणार नाही, ते आधीच बाजूने आहेत. पण आपल्या लोकांचं जाळं देवळाचं नसतं, नात्याचं असतं. देवळात रविवारी २०० माणसं येतात, त्यातल्या निम्म्यांची बहीण, दीर, भाचा टेक्सासात, ओहायोत, जॉर्जियात, नॉर्थ कॅरोलायनात. आमच्याच घरात बघा, नणंद डॅलसला, मामेभाऊ अटलांटाला. त्यांनी व्यक्ती म्हणून फोन केला तर त्यात ना देवळाचं नाव ना स्टेटसची भीती ना फेअरफॅक्स दादांची वर्गणी.

सोळाव्या_रस्त्यावरचा

उशीर झाला, सॉरी. काल कमिटी झाली, दोन तास, अडीच थर्मास चहा. पत्र मोठ्याने वाचलं. तीन परिच्छेद मताच्या हक्काचे आणि शेवटच्या वाक्यात राज्याचा दर्जा. फेअरफॅक्स दादांसारखे चार जण निघाले, मी नावं घेत नाही. पास्टरबाईंना फोन केला की शेवटचं वाक्य काढता येईल का, त्या म्हणाल्या आमच्याकडचे लोक १९८२ पासून राज्यच मागतायत, २०१६ ला ८६ टक्के लोकांनी तसं मत दिलंय, ते वाक्य काढलं तर माझीच माणसं सही करणार नाहीत. त्यांचंही खरंच आहे. त्यामुळे देवळाची सही तूर्तास बाजूला, पुढच्या मीटिंगला परत.

पण वहीताईंचं मनावर घेतलं. माझा चुलतभाऊ क्लीव्हलंडजवळ असतो, राजकारणाशी काडीचा संबंध नाही, फुटबॉल आणि बार्बेक्यू. त्याला पाचसहा वाक्यं लिहून दिली. त्याने सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या सिनेटरच्या ऑफिसला फोन लावला आणि मला मेसेज केला, "दादा, झिप कोड विचारला, दिला, सात मिनिटं बोललो, बाईंनी नाव आणि पत्ता लिहून घेतला, लेखी उत्तर पाठवतो म्हणाल्या. तुझ्या शहराबद्दल मी का फोन करतोय असं विचारलं, मी म्हटलं माझा भाऊ राहतो तिथे, त्याला फोन करायला कुणी नाहीये."

ती पाचसहा वाक्यं कुणाला हवी असतील तर सांगा, इथे टाकतो. खजिनदार काकांनी पण मागितलीत, त्यांची मुलगी इंडियानात असते.